रक्ताच्या रिपोर्टांतील तातडीचा आंकडा

सुशिक्षित कुटुंबांत रक्त तपासून घेणें ही हल्लीं पंचांग पाहण्याइतकीच नित्याची बाब झाली आहे. सकाळीं सातच्या सुमारास लॅबचा मुलगा दाराशीं येतो, आजोबांच्या दंडाला रबरी पट्टा आवळतो, दोन-तीन लहान नळ्या भरून घेतो, आणि सायंकाळपर्यंत चार-पांच पानांचा रिपोर्ट घरांतील कोणाच्या तरी मोबाईलवर येऊन पडतो. त्या पानांवर कांहीं आंकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. मग घरांत चर्चा सुरू होते. आत्याबाई म्हणतात, "माझें कोलेस्टेरॉलहि एवढेंच असतें," आणि रिपोर्ट फायलींत जातो. बहुतेक वेळां त्यामुळें कांहीं बिघडत नाहीं. परंतु त्या ठळक आंकड्यांत क्वचित् एखादा असा असतो कीं, तो फायलींत जातां कामा नये. पानें वाढलेलीं असलीं तरी त्या मनुष्यास पाटावरून उठवून रुग्णालयांत नेलें पाहिजे. हा आंकडा कोणता, तो आपणांस कोण कळवितो, आणि कळविल्यावर घरानें काय करावयाचें, याविषयीं आम्हांस आज लिहावयाचें आहे.

प्रथम ठळक अक्षरांचें भय घालविलें पाहिजे. रिपोर्टांत प्रत्येक तपासणीपुढें जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते, ती बहुधा अनेक निरोगी माणसांचें रक्त तपासून, त्यांपैकीं मधल्या शेंकडा ९५ जणांचे आंकडे जेवढ्या टप्प्यांत पडतात तेवढी धरण्याची रूढि आहे. अर्थात् धडधाकट माणसांतहि वीसांत एकजण कोणत्याहि एका तपासणींत या मर्यादेबाहेर पडावयाचाच. परस्परांशीं संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी मनुष्याचाहि निदान एक आंकडा ठळक छापला जाण्याचा संभव शेंकडा ६४ इतका येतो. हें गणित घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलास सहज करून दाखवितां येईल. सवलतीच्या दरांत साठ-सत्तर तपासण्यांचें जें 'पॅकेज' विकलें जातें, त्यांत असे आंकडे निघणें अपरिहार्य आहे. आणि त्यांच्या धाकानें डॉक्टरांस न विचारतां आणखी तपासण्या करीत सुटणें हा आमच्या मतें पैशाचा निव्वळ अपव्यय होय.

याहून अगदीं निराळी अशी दुसरी एक मर्यादा असते, आणि ती रिपोर्टावर सहसा छापलेली नसते. १९७२ सालीं लॉस एंजेलिस येथील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांतील प्रयोगशाळेचे डॉ. जॉर्ज लुंडबर्ग यांनीं तिची कल्पना प्रथम लेखरूपानें मांडली. पुढें १९८२ पासून १९९९ पर्यंत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या प्रसिद्ध नियतकालिकाचे संपादक म्हणून त्यांचें नांव सर्वत्र झालें. परंतु आमच्या दृष्टीनें त्यांचें मोठें काम हेंच. रक्ताचा आंकडा इतका बिघडलेला कीं तांतडीनें कांहीं न केल्यास जिवास धोका, आणि दुसरें असें कीं, त्यावर करण्याजोगा उपाय हाताशीं आहे. या दोन्ही गोष्टी जेथें एकत्र येतात तेथें प्रयोगशाळेनें रिपोर्ट छापून होण्याची वाट न पाहतां डॉक्टरांस तत्काळ कळवावें, असें त्यांचें म्हणणें. या आंकड्यांस त्यांनीं प्रथम 'पॅनिक व्हॅल्यू' म्हटलें. पुढें 'क्रिटिकल व्हॅल्यू' हें नांव रूढ झालें, आणि तें बरें झालें. कारण घाबरून जाणें हें येथें कोणाचेंच काम नव्हे.

दुसऱ्या अटीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. कर्करोगाचा रिपोर्ट अत्यंत गंभीर खरा, परंतु तो आज रात्रीं कळला काय आणि उद्यां सकाळीं डॉक्टरांसमोर बसून कळला काय, उपायांत फारसें अंतर पडत नाहीं. उलट रक्तांतील पोटॅशियमचा बिघाड तास-दोन तासांत मारक ठरूं शकतो आणि तितक्याच वेळांत आटोक्यांतहि आणतां येतो. म्हणून पहिला रिपोर्ट गंभीर, आणि दुसरा तातडीचा. आपल्या घरांतून या दोहोंची नेहमीं गल्लत होते. गंभीर रिपोर्टासाठीं मध्यरात्रीं डॉक्टरांस उठविलें जातें, आणि तातडीचा रिपोर्ट "सोमवारीं दाखवूं" म्हणून देवघरांतील कोनाड्यांत ठेवला जातो.

ही मर्यादा सर्व प्रयोगशाळांत एकच असते असें नाहीं. प्रत्येक प्रयोगशाळेनें आपल्या डॉक्टरांशीं विचारविनिमय करून ती ठरवावयाची असते. १९९० सालीं डॉ. जेराल्ड कॉस्ट यांनीं अमेरिकेंतील अनेक वैद्यकीय केंद्रांच्या अशा मर्यादा गोळा करून प्रसिद्ध केल्या. त्यांत पोटॅशियमची खालची मर्यादा सरासरीनें २.८ आणि वरची ६.२ निघाली. आपल्याकडील प्रयोगशाळांतहि थोड्याफार फरकानें असेच आंकडे वापरांत आहेत.

पोटॅशियमचेंच उदाहरण आम्ही जरा विस्तारानें घेतों, कारण वृद्ध माणसें असलेल्या घरास त्याचें ज्ञान सर्वांत उपयोगी पडण्याजोगें आहे. शरीरांतील एकंदर पोटॅशियमपैकीं शेंकडा ९८ च्या आसपास पेशींच्या आंत असतें. बाहेर, रक्तांत, जें फिरतें तें अगदींच थोडें. तें सामान्यतः ३.५ ते ५ च्या दरम्यान राहावें अशी योजना मूत्रपिंडें अहोरात्र करीत असतात. आंत आणि बाहेर यांच्यांतील या मोठ्या तफावतीवरच हृदयाच्या स्नायूंतील विजेचा खेळ अवलंबून आहे. बाहेरचें पोटॅशियम साडेसहा-सातवर गेलें कीं हृदयाचा ठेका बिघडूं लागतो, आणि तें केव्हां बंद पडेल याचा नेम राहत नाहीं. यांतील भयंकर गोष्ट अशी कीं, रोग्यास तोंवर कांहींच होत नसतें. थोडा थकवा, पायांत थोडी शक्ति कमी, इतकेंच. आजोबा झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत असतात, आणि लॅबमधून फोन येतो कीं त्यांना आतांच्या आतां रुग्णालयांत न्या. घरांतील मंडळींस तो फोन थट्टेचा वाटतो. परंतु रुग्णालयांत ई.सी.जी. काढला म्हणजे त्यांतील उंच टोकदार लाटा पाहून डॉक्टर धांवपळ करूं लागतात. शिरेंतून कॅल्शियम दिलें कीं हृदयास कांहीं मिनिटांत संरक्षण मिळतें. इन्सुलिन आणि ग्लुकोज दिलें कीं पोटॅशियम पेशींत परत शिरतें. आणि तेवढ्यानें न भागलें तर डायलिसिस करून तें शरीराबाहेर काढतात. उपाय ठरलेले आहेत. रोगी वेळेवर पोंचला पाहिजे इतकेंच.

हें पोटॅशियम वाढतें कशानें? मूत्रपिंडें दुबळीं झालेलीं असतात; त्यांत रक्तदाबासाठीं रॅमिप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असतें; हृदयासाठीं कोणीं तरी स्पायरोनोलॅक्टोन जोडलेलें असतें. हीं सर्व औषधें योग्य आणि उपकारक आहेत; डॉक्टरांस न विचारतां तीं बंद करणें हा निराळा धोका. परंतु तीं घेणाऱ्यांचें रक्त मधून मधून तपासावें लागतें, आणि घरच्या पथ्यपाण्यांतून त्यांत भर पडूं नये हें पाहावें लागतें. "शहाळ्याचें पाणी थंड, निर्दोष," म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्यास रोज दोन शहाळीं देणारीं घरें थोडीं नाहींत; त्या पाण्यांत पोटॅशियम भरपूर असतें. तीच गोष्ट 'लो सोडियम' मिठाची. त्यांत सोडियम कमी करून त्याच्या जागीं पोटॅशियम क्लोराईड घातलेलें असतें. निरोगी मनुष्याच्या रक्तदाबास तें हितकर आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें २०२५ सालीं त्याची शिफारसहि केली. परंतु मूत्रपिंडें बिघडलेल्यांस तिनें त्याच शिफारशींतून वगळलें आहे. एकत्र कुटुंबांत मिठाची बरणी एकच असते, हें स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींनीं ध्यानांत ठेवावें. (सैंधवाची गोष्ट याहून वेगळी. तें उपासास चालतें म्हणून औषधी मानणारे पुष्कळ आहेत. पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तेंहि बव्हंशीं साधेंच मीठ, आणि रक्तदाबास साध्या मिठाइतकेंच वाईट.)

आतां पोटॅशियमचा आंकडा कधीं कधीं खोटाहि असतो, हें सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. दंडाचा पट्टा फार वेळ आवळून धरला, रोग्यास मूठ वारंवार उघडझांक करावयास लावली, बारीक सुईनें रक्त जोरानें ओढलें, म्हणजे पेशींच्या पोटांतील पोटॅशियम बाहेर पडून नळींत उतरतें. तालुक्याच्या गांवीं घेतलेला नमुना वेळेवर वेगळा न करतां तसाच बर्फांत घालून मोठ्या शहरांतील प्रयोगशाळेकडे पाठविला, तरी हाच प्रकार होतो. थंडींत पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम पाझरत राहतें. ग्लुकोजचें याच्या उलट. नळींतील पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. साध्या नळींत ठेवलेल्या रक्तांतील साखर तासाला शेंकडा ५ ते ७ या प्रमाणांत उतरते. म्हणूनच साखरेसाठीं फ्लोराईड घातलेली करड्या बुचाची वेगळी नळी वापरतात. चांगली प्रयोगशाळा असा संशयास्पद आंकडा आला कीं आधीं नमुना पाहते, तो पुन्हां लावते, आणि आवश्यक वाटल्यास रक्त पुन्हां मागविते.

परंतु येथेंच एक मोह उत्पन्न होतो. "लॅबवाल्यांचें चुकलें असेल, उद्यां दुसरीकडे तपासूं," असें म्हणावयास घरांतील शहाणीं माणसें नेहमीं तयार असतात. आणि जितकें शिक्षण अधिक तितका हा मोह अधिक, असें आमचें निरीक्षण आहे. आंकडा खोटा असण्याचा संभव खरा. पण तो खोटा आहे कीं खरा हें ठरविण्याची जागा रुग्णालय होय, दिवाणखाना नव्हे. तेथें दहा मिनिटांत ई.सी.जी. निघतो आणि लगेच दुसरें रक्त घेतां येतें. खोटा निघाला तर एक फेरी फुकट गेली, एवढेंच.

सोडियमचें संकट याहून फसवें, कारण तें वार्धक्याचें सोंग घेऊन येतें. तें १३५ ते १४५ च्या दरम्यान असावें. १२० च्या खालीं गेलें कीं बहुतेक प्रयोगशाळा फोन उचलतात. आजी दोन दिवस झोपाळलेल्या असतात, नातवाला मुलाच्या नांवानें हांक मारतात, जेवण नको म्हणतात, चालतांना झोंक जातो. घरचे म्हणतात, "वय झालें." प्रत्यक्षांत रक्तदाबासाठीं चालू असलेल्या हायड्रोक्लोरोथायझाईड किंवा क्लोरथॅलिडोन या लघवी वाढविणाऱ्या औषधानें, किंवा चार दिवसांच्या उलट्या-जुलाबांनीं, सोडियम उतरलेलें असतें. असा फोन आल्यावर घरोघरीं होणारा पहिला उपाय म्हणजे आजींस मिठाचें पाणी पाजणें. हा उपाय करूं नये. सोडियम वाढवावयाचें तें रुग्णालयांत, आणि तेंहि मोजूनमापून. साधारणतः चोवीस तासांत ८ ते १० एककांपेक्षां अधिक वाढूं देत नाहींत. मेंदूच्या पेशी हळूहळू त्या खालच्या पातळीस सरावलेल्या असतात. ती एकदम वर गेली तर मज्जातंतूंवरील आवरणास इजा होऊन मनुष्य कायमचा पंगु होऊं शकतो. तातडी ही रुग्णालयांत पोंचण्यापुरती, सोडियम वर आणण्यापुरती नाहीं, हा या आंकड्याचा विशेष आहे. आणि मेंदूस सूज येऊन झटके येऊं लागले असतील तर पहिले कांहीं तास डॉक्टर स्वतःच वेगळ्या घाईनें वागतात. तो निर्णय त्यांचा.

साखरेविषयीं थोडक्यांत. मधुमेहाची ग्लिमेपिराईडसारखी गोळी सकाळीं घेतली, आणि चतुर्थी म्हणून दिवसभर कांहीं खाल्लें नाहीं, तर साखर ४० पर्यंत उतरण्यास वेळ लागत नाहीं. मनुष्य शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, आणि मगच डॉक्टरांस फोन करावा. येथें मात्र घरचा उपाय आधीं. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत चहा, पाणी, गंगाजल, कांहींहि ओतूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. अशा वेळीं १०८ क्रमांकास फोन करणें हेंच योग्य. शिवाय या गोळीचा अंमल लांबतो. एकदां साखर देऊन आजोबा उठून बसले म्हणजे संकट टळलें असें होत नाहीं. कांहीं तासांनीं ती पुन्हां उतरते, म्हणून असा रोगी एक दिवस तरी देखरेखीखालीं राहिला पाहिजे. व्रत करणाऱ्यांनीं गोळीचें काय करावयाचें हें डॉक्टरांस आदल्या दिवशीं विचारावें. उपास सोडतांना विचारून उपयोग नाहीं.

भीति कमी पडते तशी ती नको तेथें जास्तहि पडते, याचें उदाहरण म्हणजे प्लेटलेट. पावसाळा सरतां सरतां महाराष्ट्रांत डेंग्यूची साथ येते, आणि घरोघरीं सकाळ-संध्याकाळ प्लेटलेटचा आंकडा क्रिकेटच्या धावसंख्येसारखा विचारला जातो. दीड लाखावरून ऐंशी हजार झाले कीं सारें घर पपईचीं पानें आणावयास निघतें. वस्तुतः डेंग्यूंत मनुष्य बहुधा दगावतो तो रक्तांतील पाणी शिरांतून पाझरून गेल्यामुळें. आणि तें कळतें हिमॅटोक्रिट चढण्यावरून, सतत पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा इतरत्र रक्त, लघवी कमी होणें आणि ग्लानि यांवरून. हा धोका ताप उतरूं लागतो तेव्हां, साधारणतः तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. म्हणजे घरचे "ताप गेला" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात नेमके तेव्हां. आपल्या देशाच्या डेंग्यूविषयक मार्गदर्शनांत रक्तस्राव नसतांना केवळ प्रतिबंधासाठीं प्लेटलेट देण्याची मर्यादा दहा हजारांखालीं धरलेली आहे. शिवाय नळींतील रसायनामुळें कांहीं जणांच्या प्लेटलेट एकमेकींस चिकटून यंत्रास कमी दिसतात. कांचेच्या पट्टीवर सूक्ष्मदर्शकानें पाहिलें कीं त्या जागच्या जागीं सांपडतात. सारांश, ऐंशी हजारांवर रडूं नये, आणि ताप उतरल्यावर मुलगा निपचित पडून असेल तर लाख असले तरी स्वस्थ बसूं नये.

आंकड्यांची ही माहिती झाली. परंतु आंकडा यंत्रावर उमटल्यापासून रोग्याच्या नाडीवर डॉक्टरांचा हात पडेपर्यंत जी वाट आहे, तीच बहुधा मोडते, आणि तिच्यांतील अर्धा रस्ता आपल्या घरांतून जातो. प्रयोगशाळेचें कर्तव्य ठरलेलें आहे. अमेरिकेंत १९८८ च्या कायद्याखालीं झालेल्या नियमांनीं तें बंधनकारक केलें. आपल्याकडे 'एन.ए.बी.एल.'चें प्रमाणपत्र घेणें प्रयोगशाळेच्या इच्छेवर आहे; परंतु तें घेतलेल्या प्रयोगशाळेस आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें असे आंकडे ताबडतोब कळवावे लागतात, आणि कोणीं, कोणास, कोणत्या दिवशीं, किती वाजतां कळविलें याची नोंद ठेवावी लागते. ऐकणाऱ्यानें आंकडा लिहून घेऊन तो परत वाचून दाखवावा असाहि रिवाज आहे. मराठींत तर त्याची विशेष गरज. एकशें एकोणीस आणि एकशें एकोणतीस यांत फोनवर कानास कितीसें अंतर कळतें? पण सोडियमच्या बाबतींत एकाचा अर्थ आतांच्या आतां रुग्णालय, आणि दुसऱ्याचा अर्थ आज डॉक्टरांस विचारा, असा होतो. म्हणून आंकडा ऐकल्यावर "एक, एक, नऊ" असे सुटे अंक उच्चारून खात्री करून घ्यावी.

हा फोन येतो कोणास? डॉक्टरांनीं चिठ्ठी देऊन पाठविलें असेल तर बहुधा डॉक्टरांस. परंतु अलीकडे चिठ्ठीवांचून परस्पर तपासण्या करून घेण्याची चाल पडली आहे; मग प्रयोगशाळेकडे डॉक्टरांचें नांवच नसतें, आणि फोन रोग्यानें दिलेल्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक कोणाचा असतो? आईवडील साताऱ्यास, आणि तपासणी ज्यानें मोबाईलवरून ठरविली तो मुलगा न्यू जर्सीस, क्रमांक त्याचा. येथें सकाळचे अकरा वाजतात तेव्हां उन्हाळ्यांत तेथें रात्रीचा दीड वाजलेला असतो. दुसऱ्या घरीं क्रमांक सुनेचा असतो. ती शाळेंत शिकवीत असते आणि अनोळखी क्रमांक म्हणून फोन तोडते, कारण कर्ज घ्या म्हणणारे दिवसांतून चार फोन तिला येत असतात. मग रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातो, आणि खालीं दोन निळ्या रेघा उमटल्या कीं लॅबमधील मुलास कळविल्याचें समाधान मिळतें. हें कळविणें नव्हे. परंतु लॅबास दोष देण्यापूर्वीं आपण फॉर्मावर काय लिहून दिलें हेंहि पाहिलें पाहिजे. ज्या दिवशीं घरांतील कोणाचें रक्त दिलें, त्या दिवशीं रोग्याच्या जवळ असणाऱ्या एका माणसाचा क्रमांक द्यावा, त्या माणसानें रात्रीपर्यंत प्रत्येक फोन उचलावा, आणि आपल्या फॅमिली डॉक्टरांचें नांव व क्रमांक रोग्याच्या नांवाखालींच लिहावा. लॅबमधून फोन आल्यास आंकडा, तपासणीचें नांव, बोलणाऱ्याचें नांव आणि वेळ कागदावर टिपून घ्यावी. डॉक्टर फोनवर सांपडले नाहींत तर त्यांची वाट पाहत न बसतां जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत जावें, आणि रोग्याच्या गोळ्यांच्या सर्व पट्ट्या पिशवींत घालून बरोबर न्याव्या. त्या पट्ट्या पाहून डॉक्टरांस पुष्कळदां कारण तेथल्या तेथें सांपडतें.

एकत्र कुटुंबाविषयीं आणखी एक गोष्ट स्पष्टपणें लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. पुष्कळ घरांत दुपारीं फोन घेणारी व्यक्ति स्त्री असते, आणि रुग्णालयांत नेण्याचा निर्णय करणारी व्यक्ति संध्याकाळीं घरीं येणारी असते. फोन येतो दोन वाजतां. सासूबाई म्हणतात, "भाऊ येऊं देत, मग पाहूं". भाऊ येतात सात वाजतां. पोटॅशियमला हे पांच तास परवडत नाहींत. ज्या सुनेनें फोन घेतला तिला रिक्षा बोलावून, शेजारच्यांस हांक मारून, सासऱ्यांस तत्काळ घेऊन जाण्याची मुभा आधींच असली पाहिजे, आणि तेवढे पैसे कपाटाच्या तिच्या किल्लीच्या खणांत असले पाहिजेत. ही मुभा प्रसंग आल्यावर देतां येत नाहीं. ती चांगल्या दिवशीं, सर्व मंडळी बसलेलीं असतांना बोलून ठेवावी लागते.

आणि आंकडा त्या सुनेचाच असेल तर? घरांतील सर्वांचे रिपोर्ट एकत्र आले कीं तिचा सर्वांत शेवटीं उघडला जातो. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ जणींच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. इतकें तें सार्वत्रिक असल्यामुळें "बायकांचें असतेंच कमी" अशी एक म्हण होऊन बसली आहे. परंतु दहा आणि साडेसहा यांत फरक आहे. गरोदर स्त्रीचें हिमोग्लोबिन ७ च्या खालीं गेलें तर सरकारी कार्यक्रमांतहि तिला तीव्र रक्तक्षयांत धरतात आणि डॉक्टरांच्या हातीं सोंपवितात. ५ च्या खालीं असेल तर तत्काळ रुग्णालयांत दाखल करतात, कारण प्रसूतींत होणारा थोडा रक्तस्रावहि तिला सोसवत नाहीं. खजूर, गूळ आणि बीट यांचें गुणगान त्या आंकड्यापुढें थांबलें पाहिजे. जी स्त्री चार वर्षें जिना चढतांना धापा टाकीत होती, तिच्याविषयीं कोणास कांहीं वाटलें नाहीं याचें कारण तिनेंहि तें कधीं सांगितलें नाहीं, असें घरचे म्हणतात. तें खरेंहि असेल. पण तिचा रिपोर्ट तर बोलत होता, आणि तो वाचण्यास कोणाची आडकाठी नव्हती.

एक शेवटचा प्रकार राहिला. रुग्णालयांतून घरीं आलें म्हणजे तपासण्या संपल्या असें आपण समजतों. परंतु तापाच्या रोग्याचें जें रक्त 'कल्चर' साठीं घेतलेलें असतें, तें बाटल्यांत घालून बहुधा पांच दिवसांपर्यंत उबेंत ठेवतात; त्यांत जंतु वाढले तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं कळतें, आणि तोंवर रोग्यास बरें वाटून तो घरीं आलेला असूं शकतो. रक्तांत जंतु सांपडणें हा तातडीचा निकाल आहे. कधीं त्या जंतूंवर चालू असलेलें औषध लागू पडतच नाहीं. तो निकाल रुग्णालयाच्या फायलींत पोंचतो, आणि फाईल बंद झालेली असते. म्हणून डिस्चार्जचा कागद हातीं घेतांना वॉर्डांतील डॉक्टरांस दोन प्रश्न विचारावे: कोणते रिपोर्ट अद्याप यावयाचे आहेत, आणि ते आल्यावर आम्हांस कोण फोन करणार? उत्तरें त्याच कागदाच्या पाठीवर, डॉक्टरांच्या समोर, लिहून घ्यावीं. आणि ठरलेल्या दिवशीं फोन आला नाहीं तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आपण होऊन करावा.